जोखीम म्हणजे अस्मादिक

बँकांमधली कम्प्लायन्सची जोखीम कमी कशी करावी हे शिकवणारे पुष्कळ भेटतील, पण व्याजावर चालणारी साधी बँक आणि व्याजाला हात न लावणारी इस्लामी बँक अशा दोन्ही ठिकाणी मानाने खुर्चीत बसून, चहा पीत, ती स्वहस्ते वाढवल्याचा अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी असेल, आणि त्या थोड्यांत मी नम्रपणे पहिला नंबर लावतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी जगभरच्या बँकांची काळजी वाहणारी एक समिती बसते. तिने एप्रिल 2005 मध्ये या जोखमीची व्याख्या करून ठेवली आहे: कायदे, नियम, आचारसंहिता न पाळल्यामुळे बँकेला शिक्षा होणं, मोठं नुकसान होणं किंवा तिची अब्रू जाणं, यांचा धोका. सोबत दहा तत्त्वंही दिली आहेत. संचालकांनी काय करावं, वरिष्ठांनी काय करावं, कम्प्लायन्स विभाग कसा स्वतंत्र असावा, सगळं आहे. त्या विभागात नेमका मीच आलो तर काय करावं, यावर मात्र अवाक्षर नाही.

मी करतो काय, हे आईला समजावताना माझी पुष्कळ वर्षं गेली. तिला वाटायचं, मुलगा बँकेत आहे म्हणजे पैसे मोजत असणार. मी सांगितलं, "आई, मी पैसे मोजत नाही, मोजणाऱ्यांवर लक्ष ठेवतो." तिने भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला मोजायला दिले नाहीत."

आईला माणसं कळतात.

सुरुवात मुंबईत झाली, फोर्टातल्या एका बँकेत. काळ्याचं पांढरं करण्याला आळा घालणारा आपला कायदा 1 जुलै 2005 ला लागू झाला, आणि तेव्हापासून दहा लाखांवरचे रोख व्यवहार, शिवाय रक्कम कितीही असो पण ज्याचा वास येतो असा प्रत्येक व्यवहार, दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे वित्तीय गुप्तवार्ता विभागाला, कळवणं बँकांना भाग झालं. त्यात एक मोठी पंचाईत अशी की, ज्याच्याबद्दल तुम्ही कळवलंत त्याला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. आता आमच्या घराण्यात कोणाच्या चेहऱ्यावर काही लपत नाही. लहानपणी मी लाडू खाल्ले की आई डबा न उघडता, नुसती माझ्याकडे बघून, किती उरले ते सांगायची. तर एका प्लायवूडच्या व्यापाऱ्याचा अहवाल मी पाठवला आणि थोड्याच दिवसांत ते गृहस्थ शाखेत हजर झाले. त्यांनी नमस्कार केला तेव्हा मी पासबुक छापायच्या मशीनकडे बघत राहिलो, त्यांनी चहा मागवला तेव्हा हातातला कप फायलीमागे सरकवून "मला चहा चालत नाही" असं म्हणालो, त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे केली तेव्हा हॉलचं भाडं, केटरर आणि बँडवाले यांची मनातल्या मनात बेरीज करताना माझे ओठ स्पष्ट हलले, आणि शेवटी झेरॉक्सच्या खोलीत जो जाऊन बसलो तो त्यांची गाडी जाईपर्यंत बाहेर आलो नाही. जाताना ते शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये डोकावले. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडचा तो माणूस मला संशयास्पद वाटतो."

त्याच सुमारास केवायसीची मोहीम निघाली. कागदपत्रं न देणाऱ्यांची खाती गोठवण्याच्या नोटिसा माझ्या सहीने गेल्या. त्यातली एक माझ्याही पत्त्यावर आली. मी ती दोनदा वाचली, मसुदा कसा खणखणीत जमलाय म्हणून स्वतःवर खूश झालो आणि नोटीस खणात टाकून दिली. पुढे सासू-सासऱ्यांना मोठ्या आग्रहाने दादरला जेवायला नेलं, मसाला दूध झालं, पान झालं, आणि कार्ड काही केल्या चालेना. मी वेटरला मशीन बदलायला सांगितलं, मग टेबल बदललं, मग व्यवस्थापनाला चार शब्द सुनावले. बिल सासऱ्यांनी भरलं.

खातं मीच गोठवलं होतं.

पुढे बहारीनला नोकरी लागली. मुलाखत फोनवर झाली आणि उत्तम झाली, म्हणजे लाइन खराब होती. बहारीनच्या मध्यवर्ती बँकेचे नियम खंडवार असतात. पहिला खंड साध्या बँकांचा, दुसरा इस्लामी बँकांचा, तिसरा विम्याचा, असं ते पुढे जातं. निघण्याआधी मी पहिला खंड असा वाचला की काय सांगू! चार रंगांच्या पेनांनी रेघा, समासात टिपा, जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या. "अहो, दहावीला एवढं केलं असतंत तर..." एवढं बोलून बायकोने वाक्य सोडून दिलं. मनामाच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "नियम वाचून आलात ना?" मी पिशवीतून तो सजवलेला गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी वरचं शीर्षक वाचलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. बँकेच्या नावात इस्लामी हा शब्द नव्हता, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

शिवाय हा संवाद सोमवारी झाला. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आठवडा रविवारी सुरू होतो. मी त्या रविवारी खोलीवर निवांत कांदेपोहे परतत, नव्या देशात लोक रविवारीही कसे लगबगीने ऑफिसला निघालेत याचं खिडकीतून कौतुक करत होतो. हजेरीचा नियम मोडणारा त्या तिमाहीतला पहिला माणूस थेट कम्प्लायन्स विभागात निघाला.

आता तुम्ही म्हणाल, इस्लामी बँकेत व्याजच नाही तर नियमपालनाचं काम निम्मं झालं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात ते दुप्पट होतं. भांडवल, मनी लाँडरिंग, निर्बंधांच्या याद्या हे सगळं साध्या बँकेइतकंच असतं, त्यातून सुटका नाही. आणि त्याच्यावर शरियाचा अख्खा मजला. बँकेचं स्वतःचं शरिया मंडळ असतं, त्यात निदान तीन विद्वान असतात, त्यांच्या निर्णयांशी व्यवहार ताडून पाहणारा अंतर्गत विभाग असतो, आणि या सगळ्या दुनियेचे दंडक ठरवणारी आयोफी ही संस्था तर मनामातच आहे, 1991 पासून. म्हणजे मी चुकलो तर ते कळायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

पहिल्यांदा मी जुन्या ओळखीच्या कामाला हात घातला. ग्राहकांची नावं निर्बंधांच्या याद्यांशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर असतं; नाव किती टक्के जुळलं की घंटा वाजवायची, हे आपण ठरवायचं. अरबी नाव इंग्रजी अक्षरांत दहा तऱ्हांनी लिहिलं जातं, तेव्हा एखादा गुन्हेगार स्पेलिंगच्या फटीतून निसटू नये म्हणून मी तो आकडा मोठ्या दूरदृष्टीने बराच खाली आणला आणि घरी जाऊन शांत झोपलो. सकाळी येतो तो काय, रात्रभर मशीन वाजत होतं. मोहम्मद, अहमद, अली, हसन अशी नावं ज्या देशात घरोघरी आहेत तिथे मी जवळजवळ सगळ्या खातेदारांना संशयित करून ठेवलं होतं. पगार अडकले होते, दुकानदारांचे पैसे अडकले होते, इमारतीच्या सुरक्षारक्षकाने घरी पाठवलेले पैसे अडकले होते, आणि यादीत अगदी वर, ठळक लाल अक्षरांत, आमच्या विभागप्रमुखांचं नाव होतं. संशयातून मोकळी राहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत मी होतो.

पण माझी खरी विकेट काढली ती मुराबहाने. ही मुराबहा समजायला सोपी आहे. समजा, तुम्हाला गाडी हवी आहे. साधी बँक तुम्हाला पैसे देते आणि त्यावर व्याज घेते. इस्लामी बँक काय करते, ती शोरूममधून 5,000 दिनारला गाडी स्वतः विकत घेते, आणि मग किंमत उघड सांगून, आपला नफा उघड सांगून, तुम्हाला ती 5,600 ला हप्त्यांनी विकते. हप्ते तेवढेच, गाडी तीच, ग्राहक तोच. मी म्हटलं, मग फरक काय? असं म्हणून मी फाइल उघडली, शोरूमचं बिल आहे, विक्रीचा करार आहे, सह्या आहेत, शिक्के आहेत, सगळं जागच्या जागी, म्हणून खाली 'तपासले' असं लिहून झोकदार सही ठोकली.

शरिया तपासणी विभागात एक बुजुर्ग होते. सगळे त्यांना शेख म्हणत. मुंबईचे सिनेमे बघून त्यांनी हिंदी शिकून घेतलं होतं आणि माझ्याशी ते त्याच भाषेत बोलत. त्यांनी मला खुर्ची दिली, करक चहा दिला आणि अगदी मायेने विचारलं, "भाई, ग्राहकाबरोबरचा करार किती वाजता झाला?"

"दहा चाळीसला."

"आणि आपण शोरूमकडून गाडी घेतली ती?"

"अकरा पंधराला."

"मग दहा चाळीसला गाडी कोणाची होती?"

"शोरूमची."

"आणि विकली कोणी?"

मी चहात बघत राहिलो. आपल्याकडे दुसऱ्याची गाडी विकणाऱ्याला पोलीस चौकीत बसवतात. मी त्याच्यावर 'तपासले' असं लिहिलं होतं.

शेखसाहेबांनी मग सगळं उलगडून सांगितलं. ज्या वस्तूची मालकी नाही ती विकता येत नाही. मधल्या वेळात, भले तो दहा मिनिटांचा असो, वस्तू बँकेची असली पाहिजे, आणि त्या दहा मिनिटांत गाडी जळाली तर नुकसानही बँकेचं. ती जोखीम अंगावर घेतली म्हणून नफा हक्काचा. क्रम उलटला की तोच नफा नुसत्या पैशावर घेतलेला पैसा होतो. ऐकता ऐकता मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. नैवेद्य दाखवायच्या आधी मी ताटातला मोदक चाखला होता. मोदक तोच, तूप तेच, पण आजीने अख्खं ताट बाजूला केलं आणि नव्याने उकड काढायला घेतली. मुंबईत मी कागद खरा आहे का ते बघायचो. इथे विचारतात, कागदावर लिहिलेली गोष्ट घडली का, आणि कशाच्या आधी घडली? माझ्या सगळ्या कारकिर्दीत घड्याळाकडे मी फक्त साडेपाच वाजता बघत आलो होतो.

झालेलं भरून काढायचं म्हणून मी पुढच्या बैठकीत एक सूचना मांडली. शरिया मंडळाचे विद्वान समोर बसलेले, मी नवा टाय घातलेला. म्हटलं, हप्ता थकवणाऱ्यांकडून दिवसागणिक दंड घ्यावा, म्हणजे शिस्तही लागेल आणि बँकेचं उत्पन्नही वाढेल. 'शिस्त' म्हणेपर्यंत सगळे मान हलवत होते. 'उत्पन्न' म्हटल्यावर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि त्या खोलीत पंखा नव्हता. उशिराबद्दल रक्कम घेता येते, पण ती बँकेला खाता येत नाही; दानधर्माच्या खात्यात टाकावी लागते. एरवी ते व्याजच. एका ज्येष्ठ विद्वानांनी हसून मला विचारलं, याआधी कुठे होतात? मी सांगितलं, मुंबईला, साध्या बँकेत. त्यांनी समजुतीने मान हलवली आणि बैठकीच्या वृत्तांतातून माझी सूचना वगळायला सांगितली. अब्रूची जोखीम होती. बँकेच्या.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण मुंबईतल्या फ्लॅटची गळती निघाली, पैसे हवे होते, म्हणून मी स्वतःच बँकेकडे अर्ज केला. रोख रक्कम लागली तर तिथे तवर्रुक नावाचा मार्ग असतो. बँक तुम्हाला धातू हप्त्यांवर विकते, तुम्ही तो तिसऱ्याला रोखीने विकता, रोकड तुमच्या हातात, हप्ते बँकेला. फॉर्मवर सही केली आणि मी काही काळापुरता कुठल्याशा युरोपियन गोदामातल्या ॲल्युमिनियमचा मालक झालो. मालक! आमच्या सात पिढ्यांत पातेल्यांपलीकडे कोणाचं ॲल्युमिनियम नव्हतं. मी ताबडतोब घरी फोन केला.

"टनात आहे," मी म्हटलं.

"ठेवणार कुठे?" बायको म्हणाली.

"अगं, ठेवायचं नाही, लगेच विकायचं."

"मग घेताय कशाला? आणि घ्यायचंच होतं तर सोनं का नाही घेतलंत?"

मी तिला समजावलं की या व्यवहारात सोनं-चांदी चालत नाही, ते पैशातच मोजतात, म्हणून ॲल्युमिनियम. ती म्हणाली, तुम्ही कधी सोन्याच्या वाटेला जाणारच नाही हे मला लग्नातच कळलं होतं. इकडे माझ्या डोक्यात मात्र व्यापारी संचारला. भाव चढला तर? थांबावं का? मालाचा ताबा मागायचा हक्क मालकाला असतो हे मी नुकतंच शिकलो होतो, म्हणून मोठ्या तोऱ्यात शेखसाहेबांना विचारलं, "मी माल उचलला तर?" ते म्हणाले, "जरूर. ट्रक आहे?"

नंतर कळलं की खुद्द विद्वानांतही या प्रकारावरून वाद आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने 2009 मध्ये शारजाच्या बैठकीत, बँकांनी आधीच सगळं जुळवून आणलेला तवर्रुक अमान्य ठरवला. आयोफीच्या दंडकात तो अटी घालून चालतो. अशा वेळी कम्प्लायन्सवाल्याने आपल्या बँकेचं मंडळ काय म्हणतं ते बघायचं आणि मान खाली घालून त्याप्रमाणे वागायचं. संसारात मुरलेल्या माणसाला हे काम अवघड नाही.

या ज्ञानाच्या भरात मी तिथल्या मराठी मंडळात गणपतीत व्याख्यानही दिलं. गर्दी चांगली होती. मागे पुरणपोळ्यांचा वास सुटला होता. मी सांगितलं, साध्या बँकेला भीती सरकारी दंडाची. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकी निर्बंध डावलल्याबद्दल 2014 मध्ये सुमारे नऊ अब्ज डॉलर मोजावे लागले. इस्लामी बँकेला ती भीती आहेच, वर एक वेगळी आहे: पैसे घेणाऱ्याला ऐन परतफेडीच्या वेळी धर्म आठवण्याची. शारजाच्या दाना गॅस कंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं की आपण काढलेले सत्तर कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी पद्धतीचे रोखे, शरियात बसत नाहीत, सबब पैसे देता येत नाहीत. घेताना बसत होते. लंडनच्या कोर्टाने त्याच वर्षी गुंतवणूकदारांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याआधी 2004 मध्ये शामिल बँक ऑफ बहारीनच्या खटल्यातही बांगलादेशी कर्जदारांनी, हे सगळं व्याजच आहे हो, असा साक्षात्कार झाल्याचं लंडनमध्ये सांगून पाहिलं होतं. न्यायाधीश म्हणाले, करार इंग्लिश कायद्याचा आहे, पैसे भरा. तेव्हा मंडळी, शरियाची चूक ही नुसती पापपुण्याची बाब नाही. करारात एक फट राहिली तर त्यातून अख्खं मुद्दल पळून जाऊ शकतं, आणि ती फट शोधायला कर्जदाराइतका भाविक माणूस दुसरा नाही.

टाळ्यांची वाट बघत मी थांबलो. पहिल्या रांगेतल्या काकांनी हात वर केला. "व्याज नाही म्हणता, तर मला फुकट कर्ज मिळेल का?" दुसऱ्यांनी विचारलं, आपल्याकडे का नाही? मी सांगितलं, रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने पुढे जायचं नाही असं ठरवलं, आणि ते 2017 मध्ये माहितीच्या अधिकारातल्या उत्तरात बाहेर आलं. तिसऱ्यांनी विचारलं, पोळ्या कधी? हा एकमेव प्रश्न सर्वांना समजला.

राहिली ती दहा चाळीसची गाडी. आधीच्या फायली उपसल्या तेव्हा तशा आणखी बऱ्याच गाड्या सापडल्या. सगळ्यांवर तीच झोकदार सही. त्यांचा नफा बँकेच्या उत्पन्नातून काढून दानधर्माच्या खात्यात गेला. आयोफीच्या पद्धतीत या खात्याचं स्वतंत्र पत्रक असतं, पैसे कुठून आले आणि कुठे गेले असं. ते ऑडिटरच्या नजरेखालून जाऊन वार्षिक अहवालात छापलं जातं. त्या वर्षी 'निषिद्ध मार्गाने आलेली रक्कम' या ओळीपुढचा आकडा चांगलाच भरघोस होता. तो पैसा गरजूंपर्यंत पोचला. मुंबईतल्या माझ्या चुका रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत टाचणीला लागून फायलीत पडायच्या. इथे त्यातून कोणाच्या तरी औषधपाण्याची सोय झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम थेट समाजाच्या उपयोगी पडलं. बायकोला तो अहवाल दाखवून म्हटलं, हे बघ, या आकड्यातला मोठा वाटा माझा. ती म्हणाली, घरी वर्गणीवाले आले की आतल्या खोलीत जाऊन बसता, आणि इथे हे?

वर्षअखेरीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, निदान दानशूर म्हणून तरी दोन शब्द बोलतील. त्यांनी अहवाल उघडला, तो आकडा दाखवला आणि माझ्यापुढे एक पाकीट सरकवलं. मुंबईतही मला असंच पाकीट मिळालं होतं, म्हणून दोन्हीकडचा अनुभव असलेला माणूस या नात्याने एवढं खात्रीने सांगतो: व्याज घेणारी असो की न घेणारी, बोनस दोन्ही बँका एकाच पद्धतीने कापतात.